ट्रेमध्ये पाहिलेली पिशवी

गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं की सिस्टर स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर येते आणि विचारते, "पेशंटजवळचं कोण आहे? बघून घ्या." बाकावर बसलेल्यांपैकी एकजण उठतो, नाकाला रुमाल नाहीतर पदर लावतो आणि पाहतो. आमच्याकडे या पाहण्याला फार किंमत. ज्यानं पाहिलं तो साक्षीदार. घरी आल्यावर चहा पिता पिता तो सगळ्यांना सांगतो, "काढलं बरं का, सारं काढलं. म्या माह्या डोयानं पाह्यलं." त्यावर मग कोणी काही विचारत नाही.

माझी पिशवी माझ्या सुमनताईनं पाहिली होती. पुढं तिची मी पाहिली. दोघी बहिणी एकमेकींच्या साक्षीदार, आणि दोघी निर्धास्त. त्या निर्धास्तपणानं आमचं काय केलं ते सांगायला बसले आहे. मी आज बरी आहे, ताईचं पुढं येईल. तीच म्हणाली, "लिही वनू. बायांले सांग."

मी काही लिहिणारी बाई नाही. अमरावतीत राजापेठेत क्लासच्या मुलींसाठी मेस चालवते. भाजीत मीठ कमी पडलं तर पोरी तोंडावर सांगतात, आणि मीही तोंडावरच बोलते. लिहिणार तसंच. गोड वाचायचं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

गॅस

पिशवी काढली तेव्हा मी चाळिशीच्या आसपास होते. अंगावरून इतकं जायचं की पोळ्या लाटता लाटता मध्येच ओटा धरून उभी राहायची. ऑपरेशन झालं आणि जीव सुटला. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता तुले काय होते वं? आता तू मोकयी झाली." आमच्या भागात असंच समजतात. पिशवी गेली म्हणजे त्या घराला कुलूप लागलं. त्यानंतर बाईच्या पोटात काहीही दुखो, तो गॅस.

म्हणून मग काही वर्षांनी मला दुखायला लागलं तेव्हा तो गॅसच होता. उजव्या बाजूला, खाली, ओल्या पोत्यासारखं काहीतरी टांगून ठेवल्यासारखं वाटायचं. कणीक मळायला वाकलं की कळ यायची. लघवीला सारखं जावं लागायचं. आमचे हे गाड्या दुरुस्तीचं दुकान चालवतात, ते म्हणाले, "टाइमावर जेवत नाई तू, म्हून होते." काकूंनी ओवा दिला. मेडिकलवाल्यानं पुड्या दिल्या. मी स्वतः काय वेगळी होते? मीही म्हणायची, पिशवीच नाही तर दुखायला आहे काय आत? सगळ्यांत मोठी भैताड मीच.

एका दुपारी पोरींना वाढता वाढता अशी कळ आली की हातातलं वरणाचं पातेलं फरशीवर. मी त्यातच बसले. पोरी धावल्या. एकीनं फरशी पुसली, एकीनं मला पाणी पाजलं, आणि मेडिकलची तयारी करणारी एक पोरगी होती, तिनं पोटाला हात लावला आणि म्हणाली, "काकू, हा गॅस नाही. गॅस असा हाताला लागत नाही." तिनं मला स्कूटीवर बसवलं आणि सोनोग्राफीला नेलं. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला मी तिला शिव्या दिल्या. ती गाडी चालवत राहिली.

"मशीन बिघडली असन"

सोनोग्राफीवाला डॉक्टर तरुण होता. पोटावर ते गारगार जेल लावलं, फिरवलं, परत फिरवलं.

"काकू, पिशवी काढली आहे ना?"

"हो."

"अंडाशयं ठेवली होती का?"

"काही ठेवलं नाही. सारं काढलं."

"नाही काकू, उजवं अंडाशय आहे. त्याच्यावर गाठ आहे. बरीच मोठी आहे."

मी ताडकन म्हटलं, "बापा, तुह्यी मशीन बिघडली असन. जे घरातच नाई, त्याच्यावर गाठ कुठून येईन?"

तो हसला नाही, हेच मला खटकलं. त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. राखाडी चिवड्यात एक काळा गोल होता. मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याचं तोंड कळलं.

बाहेर पायरीवर बसून मी अकोल्याला ताईला फोन लावला. ताईचं जठारपेठेत पिको-फॉलचं दुकान. मागं मशीनचा आवाज चालू होता.

"ताई, माह्यं ऑपरेशन झालं तवा तू पाह्यलं होतं ना ट्रेमध्ये?"

"पाह्यलं म्हंजे! आता पाह्यल्यावानी दिसते मले. काहून?"

"सारं होतं त्याच्यात?"

"सारं होतं वं. कायचं सोडलं असन त्याईनं? झालं काय पन?"

मी सांगितलं. मशीन थांबली. मग ताई म्हणाली, "तो पोट्टा शिकाऊ असन. दुसरीकडं दाखव."

दुसरीकडं दाखवलं. तिथंही तोच काळा गोल निघाला.

ज्या डॉक्टर मॅडमकडे शेवटी गेलो त्यांनी चिठ्ठीच्या मागं चित्र काढून समजावलं. मध्ये पिशवी, दोन्ही बाजूंना दोन अंडाशयं. पिशवी काढताना बाईचं वय कमी असेल तर अंडाशयं मुद्दाम ठेवतात, हाडांना आणि हृदयाला त्यांची गरज असते. तुमच्या डॉक्टरांनी चूक केली नाही, म्हणाल्या.

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असेल. तुम्हाला नाहीतर मिस्टरांना."

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे चपलेकडं पाहत होते. "सांगलं असन बुवा," म्हणाले. "मले तं सही कुठी करू, एवढंच समजलं तवा."

रागवायचं कोणावर? ह्यांच्यावर मी रागावले, जवळ होते म्हणून.

मग मॅडमनी विचारलं, "घरात कोणाला कॅन्सर?" मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलं आणि आई आठवली. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. गावात म्हणायचे तिचं पोट फुगलं. हातपाय काड्या आणि पोट तेवढं वर. "मले भूक नाई" म्हणायची, आणि ताई तिला भाताची पेज चमच्यानं पाजायची. त्या आजाराला कोणी नाव दिलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बहीण आहे?"

"एक, अकोल्याला. तिचीही पिशवी काढली."

"तिलाही तपासून घ्यायला सांगा. तुमची गाठ साधी आहे की वाईट, हे काढून तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. बाकी जे कोणी सांगेल त्याचं ऐकू नका."

गॅसचं ऑपरेशन

ऑपरेशनपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मी आरशात हात पाहायची. मनगटं बारीक झाली का, आईसारखी? जेवण कमी गेलं की वाटायचं, झालं, भूक गेली. मुद्दाम जास्त खायची आणि मग पोट तडतडलं की परत भीती. पोळ्या लाटताना मनात हिशोब चालायचा की मी गेल्यावर ह्यांना कुकर लावता येईल का. मुलगा नाशिकला नोकरीला. त्याला फोनवर "काही नाही रे" म्हणायची आणि फोन ठेवून रडायची.

आम्ही बौद्ध माणसं, नवस बोलत नाही. काकूंनी कुठल्या कुठल्या देवीचं नाव सांगितलं, मी हो-हो केलं. पण एका सकाळी मूर्तीपुढं मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं आणि तिथंच बसून राहिले. मागायचं नसतं हे मला माहीत आहे. तरी मागितलं. मला आईसारखं मरायचं नाही, एवढंच म्हटलं.

ह्यांनी गल्लीत सांगितलं होतं, "गॅसचं ऑपरेशन हाय." मला कळलं तेव्हा असा संताप आला! "गॅसचं ऑपरेशन असते का कुठी? सिलिंडर हाय का मी?" हे म्हणाले, "मंग काय सांगू? अंडाशय सांगू चारचौघात?" मी म्हटलं, "सांगा ना! किडनी सांगता, मूळव्याध सांगता, मंग हे काहून नाई?" हे जेवण अर्धवट टाकून दुकानावर गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "मले भेव लागून राह्यलं, वनिता. मले दुसरं काई बोलता येत नाई." इतक्या वर्षांत ह्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग भांडायचं काय? मी ताट परत वाढलं.

ताईचा ब्लाउज

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताई आली. बडनेऱ्याला उतरून ऑटोनं आली आणि दवाखान्याचा एकच जिना चढताना दोनदा थांबली. "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "दम लागते. वय झालं आता."

दवाखान्यातलं रुटीन ज्या बाया गेल्या आहेत त्यांना माहीतच आहे. एनिमा, ती लाज, तो पाठ उघडी टाकणारा गाऊन. बांगड्या काढा, मंगळसूत्र काढा, जोडवी काढा. जोडवी निघेनात तेव्हा ताईनं साबण लावून काढली आणि स्वतःच्या रुमालात बांधली. उपाशीपोटी पडून राहायचं आणि शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीचा वास घ्यायचा. त्या भाजीला फोडणी जळली होती, हे मला पडल्या पडल्या कळलं. तेवढाच विरंगुळा.

ताई सलाइनची बाटली नीट करायला हात वर करून उभी राहिली, तेव्हा मला दिसलं. ताई शिलाईवाली, स्वतःचे कपडे स्वतःच बेतते अंगाला. तिनं ब्लाउजच्या बाह्या आत घेतल्या होत्या, आणि खालची पट्टी उसवून सोडली होती.

"ताई, बाह्या काहून घेतल्या आत?"

"वायली मी, बारीक झाली. चांगलं हाय ना?"

"अन् खाली काहून सोडलं?"

"पोट सुटलं वं. मशीनवर बसून बसून सुटनार नाई का?"

दुपारी ह्यांनी डबा आणला. ताईनं अर्धी भाकर खाल्ली आणि बाजूला केली. "भूक नाई मले," म्हणाली.

मी खाटेवर पडून होते, हाताला सुई टोचलेली. ते वाक्य मी आधी ऐकलं होतं आणि तिनंही ऐकलं होतं. मी म्हटलं, "ताई, मॅडमनं तुले तपासाले सांगितलं हाय." ती म्हणाली, "आधी तुह्यं तं होऊ दे."

ऑपरेशनचं मला काय आठवणार? मोठा दिवा, थंडी, आणि कोणीतरी म्हणालं, "मोठा श्वास घ्या." शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा होता, पोटावरून ट्रक गेल्यासारखं वाटत होतं आणि ताई ओल्या कापसानं माझे ओठ पुसत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "पाह्यलं म्या. मोठ्या संत्र्याएवढी होती. दोन्ही बाजूचं काढलं. या टायमाले म्या सिस्टरले विचारलं, बाई, नाव घेऊन सांग काय काय हाय ते."

रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या वेळेविषयी मी लिहिणार नाही. रिपोर्ट आला तेव्हा मॅडम स्वतः खाटेशी आल्या आणि म्हणाल्या, "साधी गाठ आहे. घरी जा." मी मॅडमचा हात धरून रडले. ह्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांना, अगदी झाडूवालीलासुद्धा, पेढा दिला आणि प्रत्येकीला सांगितलं, "अंडाशयाचं ऑपरेशन होतं." मोठ्यानं सांगितलं. घरी आले तर पोरींनी आळीपाळीनं मेस चालू ठेवली होती. खिचडी खाऊन खाऊन त्या कंटाळल्या होत्या, पण एकीनंही तक्रार केली नाही. कढईचं बूड मात्र जाळून ठेवलं होतं.

साक्षीदार

माझा आजार इथं संपला. तेवढाच असता तर मी लिहिलंच नसतं.

ताईला मी रोज फोन करायची. तपासलं का? "पाहू." भाऊजी, म्हणजे ताईचे मालक, रिटायर मास्तर. भला माणूस, पण वाईट बातमी ऐकायची नाही म्हणून बातमीच्या वाटेलाच जाणार नाहीत. "सगळं चांगलं होईल, वनिताबाई," म्हणायचे.

शेवटी टाक्यांचं दुखणं कमी झाल्यावर मी एसटीत बसले आणि सरळ अकोल्याला ताईच्या दुकानात जाऊन उभी राहिले. ताई मशीनवर होती. चेहरा उतरला होता. साडी पोटाच्या वर बांधली होती, घागर झाकल्यासारखी.

"चाल दवाखान्यात."

"मले काई नाई झालं. तुह्यी गाठ साधी निघाली ना? मंग माह्यी काहून वाईट असन? अन् माह्यं तं सारं काढलं हाय. तूच पाह्यलं ना ट्रेमध्ये? तूच येऊन सांगितलं मले."

पाहिलं होतं. काय पाहिलं होतं मी? लालसर मांसाचा एक गोळा, पेरूएवढा. सिस्टरनं चिमट्यानं उलटा करून दाखवला आणि गेली. वांग्यातली कीड मला न कापता कळते. पण त्या गोळ्यात काय आहे आणि काय नाही, हे मला कसं कळणार? ताईला तरी माझ्या वेळी काय कळलं होतं? ट्रेमध्ये काढलेलं दाखवतात. आत राहिलेलं कोण दाखवतं?

मी तिला हेच म्हटलं. ती मशीन चालवत राहिली. मग मी स्टूल ओढलं आणि दुकानाच्या तोंडाशी बसले. "तू उठत नाई तोवर मी उठत नाई." गिऱ्हाइकं येत होती. फॉल लावायला आलेल्या प्रत्येक बाईला मी सांगितलं, "हिच्या पोटात गाठ असन, अन् ही दवाखान्यात येत नाई. तुमीच सांगा हिले." एक बाई, दोन बाया, कॉलेजची पोरगी. बाया काय, लगेच सुरू झाल्या. शेवटी ताईनं मशीनवर कापड आपटलं. "चाल बाई! नाक कापलं माह्यं भर बाजारात!" रिक्षात ती तोंड फिरवून बसली.

सोनोग्राफीच्या टेबलवर तिनं पोटावरची साडी बाजूला केली तेव्हा मी भिंतीला टेकले. तिथली डॉक्टर बाई गप्पा मारणारी होती. मशीन फिरवली आणि गप्प झाली. दोन्ही बाजूंना गाठी. पोटात पाणी. तिचीही अंडाशयं ठेवलेलीच होती.

ताई पडद्याकडं पाहत होती. तिनं डॉक्टरला काही विचारलं नाही. मला विचारलं, "आईवानी हाय का, वनू?"

मी म्हटलं, "मले समजत नाई त्याच्यातलं." खरंच समजत नव्हतं.

बायांनो

पुढचं सांगायच्या आधी, जे ताईनं सांगायला लावलं ते इथं सांगते. पिशवी काढून झाली असेल तर डॉक्टरकडं जाऊन विचारा की माझं आत काय राहिलं आहे. काय काढलं ते विचारू नका, काय राहिलं ते विचारा. ठेवलं असेल तर घाबरू नका, ते चांगल्यासाठीच ठेवतात, पण आहे हे माहीत असू द्या. पोट फुगतं, दोन घासांत भरतं, भूक मरते, लघवीला सारखं जावं लागतं, आणि हे जात नाही, तर ओवा खात बसू नका. आई, मावशी, आत्या कशानं गेल्या ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. "पोट फुगलं" एवढ्यावर सोडू नका. आणि नवरा सही करतो तेव्हा तुम्हीही सोबत बसून ऐका. समजलं नाही तर परत विचारा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या, त्यांच्या रागानं कोणी मरत नाही.

बाक

स्कॅन झालं, रक्त झालं. डॉक्टर म्हणाले, उघडल्यावरच नीट कळेल किती पसरलं आहे ते. निघालं तर सगळं काढू.

अकोल्यातल्या त्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या बाहेर सिमेंटचा बाक आहे. मी आणि भाऊजी तिथं बसलो. ताईला आत नेताना तिनं माझं मनगट धरलं होतं. "नीट पाहजो," म्हणाली. "चष्मा लावजो."

मी चष्मा पुसून ठेवला. या वेळी मी शिकून आले होते. ट्रे आला की घाईनं पदर नाकाला लावायचा नाही. सिस्टरला थांबवायचं. हे काय, ते काय, दोन्ही बाजूचं आहे का, एकेक बोट दाखवून विचारायचं. ताई शुद्धीवर आली की तिला एकेक सांगायचं. भाऊजी डोळे मिटून बसले होते. समोरच्या भिंतीवर हात धुवा असं लिहिलं होतं, ते मी कितीदा वाचलं काय माहीत.

दार फारच लवकर उघडलं. डॉक्टर स्वतः बाहेर आले. मी उठले, चष्मा लावला आणि त्यांच्या मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"ट्रे?" मी म्हटलं.

डॉक्टरांना आधी समजलंच नाही मी काय विचारते ते. मग ते हळू आवाजात बोलले. आतड्यांना, सगळीकडं चिकटलं आहे. आता ओढून काढायला गेलो तर टेबलावरच काही होईल. तपासायला तुकडा घेतला आणि बंद केलं. आधी केमो देऊ. गाठी आटल्या तर परत प्रयत्न करू. आटल्या तर, म्हणाले.

भाऊजींनी विचारलं, "म्हणजे काढलं ना, डॉक्टर?"

डॉक्टरांनी परत सांगितलं. भाऊजींनी परत विचारलं, "पण काढलं ना?"

मग मीच त्यांना खाली बसवलं.

तेल

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई नीट शुद्धीत होती. ऊन खिडकीतून तिच्या पायांवर आलं होतं. मी ओल्या कापसानं तिचे ओठ पुसले. तिनं पहिलं तेच विचारलं.

"पाह्यलं का?"

माझ्या मागून भाऊजी एकदम पुढं आले. "पाह्यलं तं! आमी दोघांनीबी पाह्यलं. एवढ्या मोठ्या होत्या!" त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. जन्मभर शुद्ध बोलणारा मास्तर, पण घाबरला की त्याची वऱ्हाडी बाहेर येते, हे आम्हा दोघी बहिणींना माहीत आहे.

ताईनं त्यांच्या हातांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "तू सांग. साक्षीदार तू होती."

भाऊजी माझ्याकडं पाहून मान हलवत होते, नको नको. मी तोंडावर बोलणारी बाई म्हणवते स्वतःला. त्या वेळी मलाही 'पाह्यलं' म्हणावंसं वाटलं. पण एकदा न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं, त्यानंच आम्ही दोघी इथं आलो होतो. परत तेच करायचं?

"नाई दाखवलं, ताई," मी म्हटलं. "काढलंच नाई. काढता आलं नाई त्याईले. आता केमो देतीन."

भाऊजी खिडकीशी जाऊन उभे राहिले. ताई छताकडं पाहत होती. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं जात होतं आणि मी ते पुसत होते. मी रडले नाही असं नाही.

मग तिनं विचारलं, "केमोनं केसं जाते म्हंते."

"जाते."

"मंग उद्या येतांनी तेल आणजो. हायेत तोवर लावून दे."

दुसऱ्या दिवशी मी खोबरेल तेल घेऊन गेले. ताईचे केस अजून कंबरेपर्यंत होते, थोडे पांढरे झालेले. तिला उशीला टेकवून बसवलं, तेल चोळलं, फणीनं गुंता काढला. लहानपणी ती माझी वेणी घालायची, मी पळायची आणि ती मला केसांनी धरून ओढून आणायची. ते दोघींनाही आठवलं असणार. वेणी घालताना तिचं पोट दुखेल म्हणून मी हलक्या हातानं घालत होते.

"घट्ट घाल वं," ताई म्हणाली.

मी उलगडली आणि परत घट्ट घातली.